गिरणीत कापडाची लव कापणारं मशीन बघितलं आणि गड्याला गवत आठवलं : लॉन मोवर शोधणाऱ्या एडविन बडिंगची गोष्ट

पाऊस पडून गेला की महिन्याभरात एक प्रसंग हमखास येतो. बंगल्याच्या पुढची चार हात हिरवळ गुडघ्यापर्यंत वाढते. माळी फोन उचलत नाही. मग घरातला कुणीतरी मोबाईल काढतो आणि गवत कापायचं मशीन म्हणून शोधायला लागतो.

पुढ्यात येतात पन्नास प्रकार. हाताने ढकलायचं, विजेवर चालणारं, बॅटरीवालं, पेट्रोलवालं, खांद्याला अडकवून नायलॉनची दोरी फिरवणारं. शिवाय लांब कात्र्या, दाताळी आणि रूळ आहेतच. तासभर स्क्रोल करून माणूस कंटाळतो आणि ज्याला सगळ्यात जास्त स्टार आहेत ते मागवतो. दोन वेळा वापरतो. तिसऱ्या वेळेपासून मशीन जिन्याखाली.

या सगळ्या गोंधळाची सुरुवात ज्या माणसापासून झाली, त्याची गोष्ट आज बघू. कारण गंमत अशी आहे की कुठलं अवजार घ्यावं या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्याच्या गोष्टीतच सापडतं.

त्याचं नाव एडविन बियर्ड बडिंग. जन्म १७९६ चा, इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या ईस्टिंग्टन गावचा. शिक्षणाने कुणी मोठा शास्त्रज्ञ नाही आणि बागकामाशी तर काहीच संबंध नाही. हा माणूस होता सुतार.

मशीन नव्हतं तेव्हा गवत कापायचं कोण?

आधी जरा मागे जाऊ.

अठराव्या शतकात इंग्लंडच्या श्रीमंत लोकांना हिरवळीचं वेड लागलं. हवेलीच्या दारापासून नजर जाईल तिथपर्यंत सपाट हिरवा गालिचा पाहिजे, अशी फॅशन आली. कॅपेबिलिटी ब्राऊन नावाने ओळखला जाणारा लान्सलॉट ब्राऊन हा या काळातला बागांचा सगळ्यात मोठा रचनाकार. त्याने जुन्या आखीव-रेखीव बागा मोडून तिथे मोकळी कुरणं आणि तळी आणली.

पण गालिचा अंथरून चालत नाही, तो दर आठ-पंधरा दिवसांनी कापावा लागतो. लांबच्या कुरणांचा प्रश्न मेंढ्या सोडवायच्या. त्या चरायच्या, गवत आखूड राहायचं, वर खतही मिळायचं. पण हवेलीच्या अगदी पुढ्यातल्या हिरवळीवर मेंढ्या सोडल्या तर पाहुण्यांच्या बुटांचं काय होणार, हे वेगळं सांगायला नको.

तिथे माणसं लागायची. त्यांच्या हातात असायचा माणसाच्या उंचीएवढ्या दांड्याचा, लांब वाकड्या पात्याचा मोठा विळा. आपल्याकडे विळा बसून चालवतात, हा उभ्याने कंबरेतून झोका देत चालवायचा. गवत कोरडं असलं की पात्यापुढे लवतं आणि निसटतं. त्यामुळे काम पहाटे, दव पडलेलं असतानाच सुरू करायचं. हिरवळ मोठी असेल तर कापणारे चार-सहा जण एका रांगेत, आणि त्यांच्या मागून कापलेलं गवत गोळा करणारे वेगळे.

यात कसब प्रचंड होतं. हात जरा खाली गेला की मातीपर्यंत खरवडलं जायचं, जरा वर गेला की गवताची पायरी दिसायची. दर काही मिनिटांनी थांबून दगडावर धार लावावी लागायची. इतकं करूनही उन्हं वर आली की हिरवळीवर पात्याच्या फेऱ्यांच्या खुणा दिसायच्याच.

थोडक्यात, छान कापलेली हिरवळ म्हणजे त्या घरात किती नोकर आहेत याची जाहिरात होती. साध्या माणसाचा विषयच नव्हता.

सुताराचा झाला मेकॅनिक

बडिंग ज्या भागात वाढला तो स्ट्राउडचा परिसर. अरुंद दऱ्या, त्यातून वाहणारे ओढे आणि ओढ्यांवर उभ्या लोकरी कापडाच्या गिरण्या. आपल्याकडे इचलकरंजी म्हटलं की यंत्रमाग आठवतात, तसं तिकडे स्ट्राउड म्हटलं की लाल लोकरी कापड. ब्रिटिश सैन्याच्या गणवेशाचं ते लालभडक कापड याच दऱ्यांमध्ये तयार व्हायचं.

सुरुवातीला पाण्याच्या चाकावर चालणाऱ्या या गिरण्यांची बरीचशी यंत्रं लाकडी होती. म्हणजे सुताराला काम भरपूर. पण बडिंग हाताला लागला तो काळ बदलाचा होता. लाकडाच्या जागी लोखंड येत होतं. बडिंगने ते ओळखलं, रंधा ठेवला आणि फाउंड्रीत कामाला लागला. ओतकाम, गिअर, दांडे, बेअरिंग हे सगळं तो काम करता करताच शिकला.

पुढे थ्रप या गावी राहून तो आसपासच्या गिरण्यांची यंत्रं बनवायची, दुरुस्त करायची, सुधारायची कामं घेऊ लागला. आजच्या भाषेत सांगायचं तर फ्रीलान्सर. ज्या गिरणीत काही अडलं तिथे जायचं, मशीन उघडायचं, बिघाड शोधायचा.

या धंद्याचा एक फायदा असतो. एकाच कारखान्यात नोकरी करणारा माणूस एकच मशीन बघतो. दहा गिरण्या फिरणाऱ्याला दहा प्रकारची मशीनं दिसतात. बडिंगच्या डोक्यात ती सगळी साठत होती.

कापडाचा न्हावी

त्यातलं एक मशीन खास होतं.

लोकरी कापड विणून, कुटून, धुऊन झालं की त्यावर केसांसारखी लव उभी राहते. ती सगळीकडे एकसारखी कापली तरच कापड गुळगुळीत आणि भारी दिसतं. पूर्वी हे काम भल्यामोठ्या जड कात्र्यांनी हाताने व्हायचं. ते करणारे कारागीर चांगली मजुरी मिळवायचे, कारण हात चुकला तर महिन्याभराच्या मेहनतीच्या कापडाला भोक पडायचं.

मग त्यासाठी यंत्र आलं. स्ट्राउडजवळच्या ब्रिम्सकोमच्या लुईस नावाच्या गिरणीवाल्यांनी १८१५ च्या सुमारास फिरत्या पात्यांच्या यंत्राचं पेटंट घेतलं. एका दांड्याभोवती स्क्रूच्या आट्यांसारखी पिळलेली पाती बसवायची. खाली एक सरळ, स्थिर पातं ठेवायचं. वरचा दांडा गरगर फिरला की पिळलेलं प्रत्येक पातं खालच्या पात्यावरून घासून जाणार आणि मध्ये आलेली लव कात्रीत सापडल्यासारखी कापली जाणार. कात्रीच, फक्त न थांबणारी.

गिरण्यांमध्ये फिरताना बडिंगला हे यंत्र रोज दिसायचं. हजारो लोकांना ते रोज दिसत होतं. पण बडिंगला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. कापड म्हणजे जमीन आणि लव म्हणजे गवत, असं धरलं तर?

अडचण एकच होती. गिरणीत यंत्र जागेवर असतं आणि कापड त्याखालून सरकतं. जमीन काही सरकत नाही. म्हणजे यंत्रालाच चालवावं लागणार. आणि गिरणीत पाती फिरवायला पाण्याचं चाक आहे, बागेत ते कुठून आणणार?

उत्तर होतं रूळ

बडिंगने काय केलं बघा.

यंत्राच्या मागे एक मोठा ओतीव लोखंडाचा रूळ लावला. माणसाने मागून यंत्र ढकललं की हा रूळ जमिनीवर फिरणार. रुळाच्या टोकाला दातेरी चाकं लावून ती फिरकी पुढच्या पात्यांच्या दांड्यापर्यंत नेली. चाकं लहान-मोठी अशी बसवली की रुळाचा एक फेरा होईपर्यंत पात्यांचे सोळा फेरे व्हायचे. माणूस आपल्या चालीने चालतोय आणि पाती मात्र गरगरतायत. पाण्याचं चाक नको, घोडा नको, वाफ नको.

त्या रुळाने दुसरंही काम केलं. कापून झालेली जमीन त्याच फेरीत दाबली जाऊन सपाट व्हायची. मध्ये आणखी एक छोटा रूळ दिला, तो वर-खाली केला की गवत किती उंच ठेवायचं ते ठरवता यायचं. कापलेलं गवत पात्यांच्या झपाट्याने पुढे उडून एका तबकासारख्या पेटीत पडायचं. म्हणजे कापणारा, दाबणारा आणि गोळा करणारा अशा तीन कामकऱ्यांचं काम एका सांगाड्यात आलं.

पहिलं यंत्र १९ इंच रुंदीचं होतं. सांगाडा घडीव लोखंडाचा. वजन इतकं की एकट्याने ढकलताना दम निघायचा, म्हणून पुढे ओढायलाही एक मूठ लावली. एकाने ढकलायचं, एकाने ओढायचं.

दव पडायची वाट बघायचीही गरज उरली नाही. विळ्याला ओलं गवत लागायचं, बडिंगच्या यंत्राला कोरडं गवत उलट जास्त मानवायचं. पहाटे उठायची सक्ती संपली.

पैसा कुणाचा, डोकं कुणाचं

कल्पना असली तरी तेव्हाच्या इंग्लंडमध्ये नुसतं पेटंट काढायलाच शंभर पौंडांच्या वर खर्च यायचा. फिरत्या मेकॅनिकला हे परवडणारं नव्हतं.

इथे जॉन फेराबी गोष्टीत येतो. थ्रपच्या फिनिक्स फाउंड्रीचा हा मालक. मे १८३० मध्ये दोघांनी करार केला. यंत्र विकसित करायचा आणि पेटंटचा खर्च फेराबीने करायचा. बदल्यात यंत्र बनवायचे, विकायचे आणि दुसऱ्यांना परवाने द्यायचे हक्क फेराबीचे. नफ्यात दोघांचा वाटा.

३१ ऑगस्ट १८३० ला पेटंट मिळालं. पेटंटच्या मजकुरात बडिंगने एक धूर्त गोष्ट लिहून ठेवली. गावाकडच्या सधन गृहस्थांनी हे यंत्र स्वतः चालवलं तर त्यांना करमणूक आणि आरोग्याला चांगला व्यायाम मिळेल, असा त्याचा आशय होता. जे काम आजवर फक्त नोकराचं होतं ते मालकाने हौसेने करावं, असं तो सुचवत होता. आज रविवारी सकाळी कुणी स्वतःच्या अंगणात मशीन ढकलत असेल, तर तो बडिंगचाच सल्ला ऐकतोय.

आता एक दंतकथा. बडिंग म्हणे या यंत्राची चाचणी रात्रीच्या अंधारात घ्यायचा, म्हणजे लोकांनी वेड्यात काढू नये. ही कथा स्ट्राउडच्या परिसरात आजही सांगितली जाते. खरी की रंगवलेली हे सोडून द्या, पण त्या काळात नवीन यंत्र लपवावंसं वाटायला हसू होईल याच्याहून मोठी कारणं होती.

१८१२ मध्ये यॉर्कशायरमध्ये लुडाइट म्हणून ओळखल्या गेलेल्या कामगारांनी कापडाची लव कापणारी यंत्रं हातोड्यांनी फोडली होती, कारण त्या यंत्रांनी मोठ्या कात्र्यांवाल्या कारागिरांची भाकरी काढून घेतली. १८२५ मध्ये खुद्द स्ट्राउडच्या विणकरांनी मजुरीसाठी मोठा संप केला. आणि ऑगस्ट १८३० च्या अखेरीस, म्हणजे बडिंगला पेटंट मिळालं त्याच दिवसांत, केंट परगण्यात शेतमजुरांनी मळणी यंत्रं फोडायला सुरुवात केली. कॅप्टन स्विंग या काल्पनिक पुढाऱ्याच्या नावाने ओळखलं गेलेलं हे बंड नोव्हेंबरपर्यंत ग्लॉस्टरशायरमध्येही पोहोचलं. मळणी हे त्या मजुरांचं हिवाळ्यातलं मुख्य काम होतं. यंत्राने तेच हिसकावलं.

असल्या वातावरणात बडिंग गवत कापणाऱ्यांची गरज कमी करणारं यंत्र घेऊन बाजारात उतरत होता.

प्राणिसंग्रहालयातली परीक्षा

सुरुवातीच्या गिऱ्हाइकांमध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधलं प्राणिसंग्रहालय होतं. ऑक्सफर्डच्या कॉलेजांनीही यंत्रं घेतली. प्राणिसंग्रहालयाच्या मुकादमाने वापरून बघितलं आणि अभिप्राय दिला की एक ओढणारा आणि एक ढकलणारा अशी दोन माणसं, विळे आणि झाडू घेतलेल्या सहा ते आठ जणांचं काम करतात, आणि तेही जास्त चांगलं. जॉन लाउडन या नावाजलेल्या बागतज्ज्ञाच्या मासिकात यंत्राचं कौतुक छापून आलं. आजच्या भाषेत मोठ्या इन्फ्लुएन्सरने रिव्ह्यू दिला.

किंमत होती लहान यंत्राची सात गिनी आणि मोठ्याची दहा. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग. म्हणजे लहान यंत्र १४७ शिलिंगचं. तेव्हाच्या शेतमजुराची आठवड्याची मजुरी दहा शिलिंगच्या आसपास धरली, तर ही त्याची साडेतीन महिन्यांची कमाई होते.

आता मालकाच्या जागी बसून हिशोब करा. आठ माणसांचं काम दोघांत होत असेल तर यंत्राचे पैसे एका हंगामात सुटतात. आणि आता त्या उरलेल्या सहा माणसांच्या जागी बसून बघा. पहाटेच्या अंधारात दवात उभं राहून वर्षानुवर्षं कमावलेला हात एका वर्षात निरुपयोगी ठरू शकतो.

बडिंगच्या गोष्टीत ही बाजू फारशी कुणी सांगत नाही. ज्या फिरत्या पात्याने आधी कापड कापणाऱ्यांचं काम नेलं, तेच पातं त्याने उचलून गवत कापणाऱ्यांच्या पुढ्यात आणून ठेवलं. आधीच्यांनी हातोडे उचलले होते. गवत कापणारे मात्र एकेका हवेलीत चार-सहा असे विखुरलेले होते. त्यांचं बंड झालं नाही. ते हळूहळू कमी होत गेले.

१८३२ मध्ये इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने परवाना घेतला. ही कंपनी तोवर नांगरांसाठी प्रसिद्ध होती. तिच्यामुळे यंत्र स्ट्राउडच्या दऱ्यांबाहेर लांबवर पोहोचलं.

स्वस्थ बसेल तो बडिंग कसला

एवढ्यावर हा माणूस थांबला असता तरी चाललं असतं. पण मोवरच्या आधीच त्याने पाच नळ्यांचं पिस्तूल बनवलं होतं. सॅम्युअल कोल्टने आपल्या जगप्रसिद्ध रिव्हॉल्व्हरचं पेटंट घ्यायच्या आधीची ही गोष्ट. स्क्रू फिरवून तोंड लहान-मोठं करता येणारा पानाही त्याच्या नावावर सांगितला जातो. तोच पाना, जो आज प्रत्येक प्लंबरच्या पिशवीत असतो.

पुढे तो जवळच्याच डर्सली गावी गेला. तिथे जॉर्ज लिस्टरसाठी लोकर पिंजायच्या यंत्रात सुधारणा केल्या. अर्ल ऑफ ड्युसी आणि रिचर्ड क्लायबर्न यांच्यासोबत जनावरांचा चारा बारीक करायचं यंत्रही बनवलं. त्यातही कल्पना तीच, फिरती पाती. कडबा कापायच्या यंत्राचं महत्त्व महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखानदारीची सुरुवात केली तेव्हा लोखंडी नांगराबरोबर त्यांचं सुरुवातीचं उत्पादन कडबा कापायचं यंत्रच होतं.

बडिंगची सगळी कामं एका ओळीत ठेवली तर एक गोष्ट लक्षात येते. त्याने जगावेगळा सिद्धांत कुठेच मांडला नाही. एका धंद्यातली युक्ती उचलायची आणि जिथे तिची गरज आहे पण कुणाच्या लक्षात आलेलं नाही, अशा दुसऱ्या धंद्यात नेऊन बसवायची, हे त्याचं कसब.

इंग्लंडमध्ये पेटंट तेव्हा १४ वर्षं चालायचं. १८४४ मध्ये ती मुदत संपली आणि यंत्र बनवायला सगळ्यांना रान मोकळं झालं. त्यानंतर दोनच वर्षांनी, सप्टेंबर १८४६ मध्ये डर्सलीत बडिंगला पक्षाघाताचा झटका आला आणि तो गेला. वय होतं ५०.

मोवरची खरी लाट आली ती त्याच्या मागे. त्याने पाहिली ती फक्त सुरुवात.

त्याच्या मागे काय झालं?

स्कॉटलंडच्या अलेक्झांडर शँक्सने १८४२ मध्ये तट्टू जुंपून ओढायचं २७ इंची यंत्र आणलं होतं. हिरवळीवर खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून तट्टांच्या पायात चक्क चामड्याचे बूट घालायचे. १८५९ मध्ये लीड्सच्या थॉमस ग्रीनने दातेरी चाकांच्या जागी साखळी लावली आणि यंत्राचा खडखडाट कमी केला. १८९० च्या दशकात वाफेवरचे मोवर आले आणि १९०२ मध्ये रॅन्सम्सने पेट्रोलवरचा मोवर विकायला काढला.

दरम्यान खेळ बदलले. क्रिकेटची पंढरी लॉर्ड्सवर एकेकाळी गवत आखूड ठेवायला मेंढ्या सोडायचे. एकसारखं कापलेलं मैदान मिळायला लागलं तसा चेंडू भरवशाने उसळायला लागला. लॉन टेनिस तर नावातच लॉन घेऊन आला. १८७७ ची पहिली विंबल्डन स्पर्धा भरवण्यामागे क्लबचा मोडलेला तट्टूचा रूळ दुरुस्त करायला पैसे उभे करायचे, हेही एक कारण होतं. गिरणीतल्या पात्याने किती लांबवर मजल मारली बघा.

पुढे विसाव्या शतकात पंख्यासारखं आडवं फिरणारं पातं घराघरात आलं. ऑस्ट्रेलियात मर्विन व्हिक्टर रिचर्डसनने १९५२ मध्ये घरच्या घरी जोडलेल्या अशाच मशीनला पेट्रोलची टाकी म्हणून पीच फळांचा रिकामा डबा लावला होता. त्यातून व्हिक्टा हा ब्रँड उभा राहिला. आणि १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलसला गाडी धुणाऱ्या मशीनचे गरगर फिरणारे ब्रश बघून झाडाच्या बुंध्याशी गवत कापायची युक्ती सुचली. त्याने डब्याला नायलॉनच्या दोऱ्या बांधल्या आणि ट्रिमर तयार झाला. बडिंगचीच पद्धत. एका धंद्यातलं उचललं, दुसऱ्यात बसवलं.

मग आपण काय घ्यायचं?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. बाजारातल्या मशीनची नावं पन्नास असली तरी कापायच्या पद्धती तीनच आहेत : कात्रीसारखी, तलवारीसारखी आणि चाबकासारखी. हे एकदा कळलं की निवड सोपी होते.

कात्रीसारखं. हा बडिंगचा थेट वारसदार. पिळलेल्या पात्यांचा, ढकलायचा रील मोवर. गवत स्वच्छ कापतो, टोकं फाटत नाहीत, आवाज जवळपास नाही, वीज-पेट्रोल नाही. जमीन सपाट आणि हिरवळ लहान असेल, बारीक पानांचं गवत लावलं असेल आणि तुम्ही ते नियमित कापणार असाल, तर हाच घ्या. पण गवत उंच वाढलं की याची पाती अडकतात. मध्ये एखादा खडा आला तर पात्याला खाच पडते. बडिंगच्या यंत्राचाही हाच स्वभाव होता. ते सपाट, राखलेल्या हिरवळीसाठीच बनलं होतं.

तलवारीसारखं. आडव्या पात्याचा रोटरी मोवर. जोर जास्त, वाढलेलं गवतही उडवतो, जमीन थोडी उंच-सखल असली तरी चालतं. मोठं अंगण असेल किंवा कापायला पंधरा-पंधरा दिवस वेळ मिळत नसेल तर हा बरा. फक्त पात्याला धार नसेल तर हा गवत कापत नाही, फाडतो. मग दोन दिवसांत सगळ्या हिरवळीची टोकं तपकिरी पडतात आणि आपण पाणी कमी पडलं म्हणून आणखी पाणी ओततो.

चाबकासारखं. नायलॉन दोरीचा ट्रिमर. भिंतीच्या कडा, पायऱ्या, उतार, कोपरे यासाठी उत्तम. पण अख्खी हिरवळ याने एकसारखी होत नाही, वर-खाली होतेच. झाडाच्या खोडाला दोरी लागली की साल निघते आणि लहान झाड त्याने मरूही शकतं. वापरताना डोळ्यांवर गॉगल आणि पायात बूट पाहिजेतच, कारण खडे गोळीसारखे उडतात.

आणि जागा दोन-तीन चटयांएवढीच असेल तर यातलं काहीच नको. लांब पात्याची कात्री, एक खुरपं आणि एक दाताळं एवढ्यात भागतं. खुरपं तर सगळ्यांनाच लागतं. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली असतात. त्याला वरून कितीही महाग मशीन फिरवलं तरी तो आठवड्यात पुन्हा डोकं वर काढतो. तो मुळासकट खणूनच काढावा लागतो.

मशीन घेताना तीन गोष्टी बघाच. एक, उंची कमी-जास्त करता येते का. एका वेळी गवताच्या उंचीचा तिसरा हिस्साच कापायचा, त्याहून जास्त कापलं की गवत अशक्त होतं आणि तण माजतं. दोन, पात्याला धार लावून देणारा आणि सुटे भाग देणारा माणूस तुमच्या गावात आहे का. तीन, ते मशीन तुमच्या घरात जो चालवणार आहे त्याला झेपतं का. आणि हो, पावसानंतर गवत सुकू द्या. ओलं गवत चिकटतं, पाती अडतात आणि विजेचं मशीन असेल तर जिवाशी खेळ होतो.

बडिंगने १८३० मध्ये जे प्रश्न सोडवले ते हेच होते. उंची किती ठेवायची, जोर कुठून आणायचा, कापलेलं गवत जायचं कुठे आणि चालवणारा माणूस कोण. मशीन विकणाऱ्याला तुम्हीही हेच चार विचारा, तो पाचव्या मिनिटाला मोजक्या दोन मॉडेलवर येईल.

राहिला प्रश्न त्या न उचललेल्या फोनचा. मशीन घेतल्यावरही लव्हाळा कुठे लपतो, कुठल्या कोपऱ्यात पाणी साठतं आणि कुठलं गवत सावलीत तगतं, हे ज्याला माहीत आहे तो तुमचा माळीच असतो. बडिंगचं यंत्र गवताची उंची मोजतं, गवत ओळखत नाही. त्यामुळे मशीन जरूर घ्या, पण घ्यायच्या आधी एकदा पुन्हा माळ्याला फोन लावा. कुठलं घ्यावं, हे तोच सगळ्यात बरोबर सांगेल.